घटनास्थळी डबा

सर जुरोंग ईस्टला राहायचे आणि आमचं ऑफिस होतं चांगी बिझनेस पार्कात. सिंगापूर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, हे म्हणजे बेटाच्या एका टोकाला झोपायचं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन काम करायचं. आम्ही बाकीचे सगळे शहाण्यासारखे पूर्वेकडे घरं बघून राहिलो होतो. मी मरीन परेडला दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेतला होता आणि बसनं सुखात यायचे. सरांना कुणी विचारलं की एवढ्या लांब का राहता, तर ते गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "जाताना एक भाग होतो, येताना एक भाग होतो. घर जवळ घेतलं तर मधातच तोडावा लागेल न."

भाग म्हणजे मालिकेचा भाग. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसायला जागा मिळाली की सर मांडीवर तो घडीचा छोटा डीव्हीडी प्लेअर उघडायचे, कानात इअरफोन घालायचे, आणि मग त्यांचं जगाशी काही देणंघेणं राहायचं नाही. ताना मेराला गाडी बदलून एक्स्पो स्टेशनवर उतरलं की ऑफिस. पण मालिका ऐन रंगात आलेली असली की सर एक्स्पोला उतरायचं विसरायचे आणि थेट विमानतळावर पोचायचे. मग मला फोन यायचा, मी एअरपोर्टवर आहे म्हणून. पहिल्यांदा हा फोन आला तेव्हा मला वाटलं, सर नोकरीला कंटाळून नागपूरला निघाले.

ते आमचे टीम लीड होते. वय पंचेचाळिशीचं, उंची बेताची, शर्ट कायम पांढरा आणि खिशाला कायम हळदीचा डाग. इथं येण्याआधी नागपूरला इंजिनियरिंग कॉलेजात काही वर्षं शिकवायचे, म्हणून सर. त्यांच्या हाताखालचे आम्ही मराठी लोक तर सर म्हणायचोच, पण आमच्या चिनी मॅनेजर मॅडमही त्यांना सर म्हणायच्या, त्या सगळ्यांच्या वरच्या असून. सकाळी आल्या आल्या सर मॅडमना "जय भीम" म्हणायचे. मॅडमची ठाम समजूत होती की मराठीत गुड मॉर्निंगला असंच म्हणतात. त्याही हसतमुखानं "जय भीम" म्हणायच्या, आणि पुढे पुढे तर मला, टीममधल्या बंगाली मुलांना, कुरियरवाल्यालासुद्धा म्हणायला लागल्या. सरांनी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, यात दुरुस्त करण्यासारखं काय आहे?

तर मालिका. मालिका जपानी होती, कोर्टकचेरीची, आणि तिचा नायक होता सरकारी वकील. आपल्याकडे नायक असतो तो निरपराध माणसाला सोडवणारा वकील, समोरचा सरकारी वकील बहुतेक वेळा आडदांड आणि मठ्ठ. इथं सगळं उलटं. जपानात म्हणे एखाद्यावर खटला भरायचा की नाही हे सरकारी वकीलच ठरवतो, आणि एकदा भरला की माणूस बहुधा सुटत नाही. हे सगळं मला सरांनी सांगितलं. मला विचाराल तर जपानी कायद्याचं माझं शिक्षण चांगी बिझनेस पार्कातल्या पँट्रीत झालं.

हा मालिकेतला वकील मोठा विक्षिप्त होता. पोलिसांनी आणून दिलेले कागद तो हातात घ्यायचा, दोनतीन पानं उलटायचा आणि डबा उचलून चालू पडायचा. गुन्हा जिथं घडला असेल तिथं जायचा, पुलाखाली, गोदामात, बर्फात, कुठंही. तिथं रुमाल पसरून बसायचा आणि शांतपणे जेवायचा. साहेब संतापायचे, पोलीस हसायचे. याचं म्हणणं एकच, उभ्या उभ्या बघणाऱ्याला जागा काही सांगत नाही, जेवायला बसलेल्याला सांगते. आणि खरंच, भात खाता खाता त्याला दिसायचं की ज्या खिडकीतून साक्षीदारानं सगळं पाहिलं म्हणे, तिच्यावर त्या वेळी असं ऊन येतं की आतलं काही दिसणंच शक्य नाही. झालं, उठायचा, रुमाल झटकायचा आणि अटकेतल्या माणसाला सोडून द्यायचा.

मी एकदा म्हटलं, हा कसला सरकारी वकील, आरोपींनाच सोडत सुटतो. सर दुखावले. चमचा खाली ठेवून म्हणाले, "शिक्षा द्यायला तो बसलाच नाही. खरं काय ते काढायला बसलाय. खरं निघालं की मग ज्याचं त्याला."

डीव्हीडीवरचं खालचं इंग्रजी कुणी लिहिलं होतं कुणास ठाऊक. कोण मेलं हे कधीकधी शेवटपर्यंत कळायचं नाही, आणि नवरा-बायकोच्या भांडणात मधेच "तुमचा पाऊस मला मान्य नाही" असलं काहीतरी यायचं. एवढ्याशा कारणासाठी सर शनिवारचा जपानीचा क्लास लावून बसले. भाषा किती आली माहीत नाही, पण "सुमिमासेन" हा शब्द पक्का बसला. माफ करा, असा त्याचा अर्थ. मालिकेतला वकील कुणालाही अडचणीचा प्रश्न विचारण्याआधी कमरेत वाकून "सुमिमासेन" म्हणायचा, म्हणून सरही म्हणायचे. सर वाकले की आम्ही नजर चुकवायचो.

आमच्या मजल्यावरचा प्रिंटर रोज दुपारी कागद अडकवायचा. सकाळी गुणी बाळ, दुपारी द्वाड. कंपनीचा माणूस येऊन भाग बदलून गेला, काही फरक नाही. एक दिवस जेवायच्या सुट्टीत बघते तर सर प्रिंटरशेजारी कार्पेटवर मांडी घालून बसलेले, समोर डबा, डब्यात झुणका आणि पोळी. येणारेजाणारे पायात अडखळत होते. जेवण संपता संपता सरांनी मान वर केली आणि तसेच बघत राहिले. वरच्या एसीच्या जाळीतून दुपारी, एसी जोरात चालायचा तेव्हा, पाण्याचे बारीक तुषार नेमके कागदाच्या ट्रेवर पडत होते. प्रिंटर हातभर सरकवला आणि रोग संपला. सर दिवसभर लहान मुलासारखे नाचत होते. मला बोलावून म्हणाले, "बघितलं? निर्दोष सुटला!" प्रिंटरबद्दल बोलत होते.

त्याच दिवशी माझी नेमणूक झाली. प्रत्येक सरकारी वकिलाला एक क्लार्क लागतो, मालिकेतही होती, सडेतोड बोलणारी आणि सारखी कपाळाला हात लावणारी. सर म्हणाले, तुझ्यात दोन्ही गुण आहेत. मी पुण्याची, त्यामुळं नाही म्हणायला तोंड उघडलंच होतं, पण खरं सांगू, मला मजा यायला लागली होती.

पहिली केस माझ्याच चकल्यांची. आईनं पाठवलेला डबा पँट्रीत ठेवला होता आणि तो रोज हलका होत होता. सरांनी पँट्रीत बसून आपला डबा खाल्ला, चकलीचे तुकडे फरशीवर कुठवर सांडलेत ते पाहिलं, मग थेट मॅडमच्या केबिनसमोर जाऊन कमरेत वाकले. सुमिमासेन, मॅडम, चकल्या तुम्ही खाल्ल्या. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मॅडम जराशा लाल झाल्या आणि म्हणाल्या, "आय थॉट फॉर एव्हरीवन लाह. सो नाइस." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अननसाचे टार्ट आणून दिले.

घरी मात्र सरांचं काही चालायचं नाही. त्यांच्या बायको, आम्ही त्यांना ताई म्हणायचो, एका प्रयोगशाळेत संशोधक होत्या. कुकरची शिट्टी का होत नाही याचा तपास करायला सर ओट्याजवळ ताट घेऊन बसले तेव्हा ताईंनी त्यांना ताटासकट बाहेर काढलं. हे स्वयंपाकघर आहे, घटनास्थळ नाही, म्हणाल्या. रविवारी त्यांच्याकडे चारदोन घरं जमून बुद्धवंदना व्हायची. मी एकदा गेले होते. वंदना झाल्यावर सर चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आले आणि उत्साहानं सांगायला लागले, "एहिपस्सिको. ऐकलं न आता? ये आणि बघ. कुणी सांगते म्हणून मानू नको, ये आणि बघ. अडीच हजार वर्षांआधी सांगून ठेवलंय. तो जपानी दुसरं काय करून राहिला?" ताई मागून म्हणाल्या की बुद्धानं डबा न्यायला सांगितलं नव्हतं.

आता त्या दसऱ्याची गोष्ट.

आमच्या टीममध्ये एक नवा मुलगा आला होता, सांगलीचा. त्याला आम्ही सांगलीकर म्हणायचो. अतिशय पापभीरू, वाकून नमस्कार करणारा. बायकोला सातवा महिना होता आणि बाळंतपण इथंच करायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी तिला विमानप्रवासाला सक्त मनाई केली होती. सांगलीकराच्या घरी वडिलांची लेथ मशीन होती, आणि दसऱ्याला तिची पूजा चुकली असं कधी झालं नव्हतं. दसऱ्याला हत्यारांची, अवजारांची पूजा करायची. मग आपली अवजारं कोणती? सर्व्हर! ज्यांच्यावर आपलं पोट चालतं ती यंत्रं बिनपूजेची ठेवायची हे काही त्याच्या मनाला पटेना. त्यानं एका छोट्या ताटात हळदकुंकू, अक्षता आणि लिटल इंडियातून आणलेली झेंडूची फुलं घेतली. उदबत्ती घेतली नाही, सर्व्हर रूममध्ये धूर चालत नाही एवढं त्याला कळत होतं. जाताना सरांना म्हणाला, "सर, तुम्ही वडीलधारे. तुमच्याशिवाय नको."

सर पूजा करत नाहीत हे त्याला ठाऊक नव्हतं. सर नाही म्हणाले असते तर पोराचा चेहरा पडला असता, आणि पूजेला उभं राहणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी मधला मार्ग काढला. तू आत तुझी पूजा कर, मी दारात उभा राहतो. आणि खरोखरच, ते सर्व्हर रूमच्या दाराला पाठ टेकवून, तोंड बाहेर कॉरिडॉरकडे करून उभे राहिले. आतही नाही, बाहेरही नाही. पूजा झाली, दोघं परत आले, सांगलीकरानं सगळ्यांना पेढे वाटले. सरांनीही खाल्ला.

पेढा तोंडात विरघळायच्या आत अलार्म वाजला. सर्व्हर रूममधल्या यंत्रणेला धूर जाणवला होता, तिनं आपणहून वीज तोडली. एका मोठ्या गिऱ्हाइकाचं सगळं काम दुपारपर्यंत ठप्प. आत जाऊन बघतात तर सर्व्हरवर कुंकू, झेंडू, तांदूळ. कॉरिडॉरच्या तोंडाशी बसणारे म्हातारे मलाय सिक्युरिटी गार्ड, त्यांना सगळे पाकचिक म्हणजे काका म्हणायचे, त्यांनी सांगितलं की काहीतरी जळल्याचा वास आला होता. मग काय राहिलं? वरच्या साहेबांनी ठरवूनच टाकलं, या लोकांनी आत उदबत्ती लावली. सर्व्हर रूममध्ये आग पेटवणं म्हणजे सरळ बडतर्फी. बडतर्फी म्हणजे त्याचा एम्प्लॉयमेंट पास रद्द, पास रद्द म्हणजे देश सोडायचा. आणि बायकोला विमान बंद. सांगलीकर खुर्चीत बसून नुसता घाम पुसत होता. शुक्रवारी मॅडमच्या केबिनमध्ये शेवटची बैठक ठरली.

सुटका सोपी होती. सर तिथं होते! दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावून सरांना विचारलं, त्यानं काही पेटवलं नाही हे तुम्ही पाहिलं का? आम्ही सगळे काचेबाहेर उभे. सर म्हणाले, नाही, पाहिलं नाही, माझी पाठ होती.

सांगलीकराला तर रडूच फुटलं. बाहेर आल्यावर आम्ही सरांना घेरलं. मी तर तडकून बोलले. एक वाक्य, सर! नुसतं पाहिलं म्हणायचं, तुम्हाला माहीतच आहे की त्यानं काही लावलं नाही. सर म्हणाले, मला माहीत नाही, मला वाटते. वाटण्यावर मी कुणाला फाशी देणार नाही आणि कुणाला सोडणारही नाही. मग सांगलीकरासमोर जाऊन वाकले. सुमिमासेन, म्हणाले, "मी तुझा वकील नाही, सरकारी वकील आहे. तू लावली असशील तर मीच पहिल्यांदा सांगेन. लावली का?" तो म्हणाला, "नाही ओ सर. आईची शपथ." सरांनी मान हलवली, डबा उचलला आणि मला म्हणाले, चल.

त्या दिवसांत सिंगापूरवर हेझ होता. सुमात्रातली जंगलं जळायची आणि तो धूर वाऱ्यावर इथं यायचा, आकाश पिवळट राखाडी व्हायचं, पलीकडची इमारत दिसायची नाही. डोळे चुरचुरायचे. पण आठवडाभर असं चाललं की माणसाला सवय होते, आणि आम्ही तर एसीत बसणारी माणसं, आम्हाला खिडकीबाहेरचा धूर म्हणजे टीव्हीवरचा धूर.

सर कॉरिडॉरमध्ये पाकचिकांच्या खुर्चीशेजारी भुईवर बसले आणि डबा उघडणार, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की रमजान चालू आहे आणि पाकचिकांचा उपास आहे. त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. डबा न खाता तपास करायची सरांची ती पहिलीच वेळ. दोघं उपाशी शेजारी शेजारी बसून राहिले, मी कंटाळून भिंतीला टेकले. मग सर वाकले, सुमिमासेन, आणि विचारलं की वास कसला होता, तुमच्या शेजारच्या भारतीय घरातून येतो तसा? पाकचिक म्हणाले, नाही, तसला गोड नाही, लाकूड जळाल्यासारखा. उदबत्ती हा शब्द त्यांनी कधी उच्चारलाच नव्हता. तो वरच्यांनी आपला आपण जोडला होता.

पाकचिक पुढे म्हणाले की त्या दिवशी मागचं माल उतरवायचं शटर सकाळपासून उघडं होतं, नवी कपाटं येणार होती, आणि तिथला मोठा पंखा चालू होता. "इव्हन नाऊ ओपन, सर. यू स्मेल?" सरांनी नाक वर केलं. मीही केलं. एसीच्या गारव्यात जळक्या लाकडाचा वास होता, इतका वेळ होता, आणि आम्ही तो घेत बसलो होतो.

सर ताडकन उठले. धावत मॅडमकडे. खटल्याआधी घटनेची पुनरावृत्ती करायची, सगळी माणसं आपापल्या जागी उभी करून, मालिकेत दर दुसऱ्या भागात असायचं तसं, असा सरांचा हट्ट. मॅडमनी आधी नकार दिला. सर त्यांच्या केबिनसमोर रुमाल पसरून डबा उघडून बसले. मॅडमनी होकार दिला.

गुरुवारी दुपारी यंत्रणा चाचणीवर ठेवली, म्हणजे वीज तुटणार नव्हती, पण दारालगतच्या पॅनलवर दिसणार होतं की आतल्या यंत्राला किती धूर जाणवतोय. त्यावर दिव्यांची एक उभी रांग होती, खालून हिरवे, मग पिवळे, वर लाल. क्लार्क म्हणून मला पॅनलसमोर उभं केलं. शटर उघडं, पंखा चालू, पाकचिक खुर्चीत. मॅडम हाताची घडी घालून बाजूला. सांगलीकर ताट घेऊन आत गेला, दार मागे बंद झालं. त्यानं हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फुलं वाहिली, काचेतून त्याचे हात मला दिसत होते. पॅनलवर एक मिणमिणता हिरवा दिवा. बास. मी ओरडून सांगितलं, सर, काही नाही! मॅडम म्हणाल्या की म्हणजे त्या दिवशी उदबत्ती होतीच. हा तर आमच्याच अंगाशी आलेला पुरावा झाला.

सर कॉरिडॉरच्या मधोमध उभे राहून डोकं खाजवत होते. सगळे जागेवर आहेत न, सगळं तसंच आहे न, असं पुटपुटत होते. मालिकेत या वेळी त्या वकिलाला काहीतरी दिसायचं. सरांना काही दिसत नव्हतं. शेवटी क्लार्कनंच तोंड उघडलं. मी म्हटलं, "सर, सगळे नाहीत. तुम्ही कुठं आहात?"

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग गेले, दार उघडलं, त्याला पाठ टेकवली आणि कॉरिडॉरकडे तोंड करून उभे राहिले, दसऱ्याला राहिले होते तसे. सांगलीकरानं आत पुन्हा पहिल्यापासून पूजा सुरू केली. एक हिरवा. दुसरा हिरवा. मी पॅनलला नाक लावून उभी. तिसरा लागला. पिवळा लागला! मी ओरडले, सर, चढतोय! मॅडम माझ्या खांद्यावरून वाकल्या. दुसरा पिवळा. सांगलीकर आतून मंत्र विसरून आमच्याकडे बघत होता. शटरकडून पंख्याचा वारा येत होता, सरांच्या पांढऱ्या शर्टाची बाही फडफडत होती, आतल्या दिशेनं. लाल लागला आणि पॅनल किंचाळायला लागलं.

आणि सरांचा चेहरा! मी आयुष्यात कुणाचा चेहरा असा उजळलेला पाहिला नाही. डोळे चमकत होते, गाल वर गेले होते. दारातून न हलता त्यांनी दोन्ही हात वर केले.

"सापडला!" सर म्हणाले. "आरोपी सापडला!"

"हू?" मॅडमनी विचारलं.

"मी," सर म्हणाले.

त्यांच्या लक्षात आलं होतं ते सगळं त्यांनी तिथंच, दारात उभ्या उभ्या, अर्ध्या इंग्रजीत अर्ध्या मराठीत भडाभडा सांगितलं. दार आपोआप बंद होणारं, ते उघडं राहिलं कारण त्यांनी पाठ लावून धरलं होतं. समोर उघडं शटर त्यांना दिसत होतं, पंखा दिसत होता, कॉरिडॉरमधला धूसरपणाही दिसत असणार. पण त्या वेळी ते आदल्या दिवशीच्या भागातल्या बोटीवरच्या खुनाचा विचार करत होते. साक्षीदार घटनास्थळी हजर होता, मॅडम, आणि साक्षीदाराचं लक्ष नव्हतं!

आम्ही मराठी मंडळी त्या संध्याकाळी फूड कोर्टात बसलो होतो. सांगलीकर पुढ्यातलं ताट नुसतं चिवडत होता, आनंदानं की भीतीनं त्यालाच कळत नव्हतं. मी सरांना परोपरीनं सांगितलं की उद्याच्या बैठकीत नुसतं म्हणा, हेझ आत शिरला. ते खरंच आहे. दाराचं नाव कशाला काढता? मॅडमना तुम्ही आवडता, त्याही काढणार नाहीत. सर शांतपणे टोफू खात होते. म्हणाले, हेझ काय स्वतः दार उघडून आत येते काय बावा?

शुक्रवारी मॅडमबरोबर वरचे दोन साहेब होते. मी क्लार्क म्हणून आत बसले, सरांनी तसा आग्रहच धरला होता. सर उभे राहिले, वाकले, सुमिमासेन म्हणाले आणि स्वतःवरचा खटला चालवायला लागले. आरोपी नागपूरचा, अनुभवी, नियम माहीत असलेला. सर्व्हर रूमचं दार उघडं धरायचं नाही हे नव्या माणसांना तोच शिकवतो. एका साहेबांनी मधेच सुचवलं की पाहुण्यांसाठी दार धरावं तसं तुम्ही चुकून उभे राहिलात, असं म्हणता येईल. सरांनी आरोपीच्या वतीनं केलेली ही विनंती ताबडतोब फेटाळली. आरोपी चुकून उभा नव्हता, मुद्दाम उभा होता, त्याला आत जायचं नव्हतं आणि पोराला दुखवायचंही नव्हतं, आणि एवढा विचार करणाऱ्याला दाराचा विचार करायला काय झालं होतं? मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

निकाल लागला. सांगलीकरानं आग लावली नव्हती, त्याला यंत्रावर कुंकू टाकल्याबद्दल कडक समज मिळाली आणि त्याचा पास राहिला. त्याची मुलगी पुढं इथल्याच हॉस्पिटलात जन्मली. सरांची टीम मात्र काढून घेतली. सर्व्हर रूमच्या मजल्यावर यायचं नाही, दारं उघडायचं कार्ड जमा करायचं, सोमवारपासून दुसऱ्या इमारतीत एका धाकट्या माणसाच्या हाताखाली बसायचं. सांगताना मॅडमचा आवाज बसला होता. सरांनी गळ्यातलं कार्ड काढून दोन्ही हातांनी, जपानी लोक देतात तसं, त्यांच्यासमोर धरलं.

बाहेर सांगलीकर वाट बघत होता. तो पायाशी वाकला तर सरांनी त्याला दंडाला धरून उभं केलं आणि घरी बायकोजवळ पळायला सांगितलं. मग आम्ही दोघं फाटकाकडे निघालो. मला सरांचा रागही आला होता आणि प्रेमही आलं होतं. जे तोंडात आलं ते बोलले.

"सर, अहो, केस हरलात तुम्ही. टीम गेली, कार्ड गेलं. काय मिळवलंत?"

सर थबकले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "हरलो?" ते म्हणाले. "निर्दोष माणूस सुटला. खरा आरोपी सापडला. त्यानं कबुली दिली, तीही कुणी हात न लावता. असा निकाल त्या जपान्याला एकाही भागात नाही लागला न बावा!"

फाटकाला लावायला त्यांच्याजवळ आता कार्ड नव्हतं. पाकचिक त्या दिवशी फाटकावर होते, ते खुर्चीतून उठले आणि आपल्या कार्डानं त्यांनी फाटक उघडून धरलं. सरांनी त्यांना वाकून नमस्कार केला, दोन्ही हात पाठीमागे नेऊन मनगटं एकमेकांवर ठेवली, आणि स्वतःला पकडून घेऊन चालल्यासारखे, छाती पुढे काढून, त्या धुरकट पिवळ्या उजेडात बाहेर पडले.